फिनिक्स: कालव्यांवर वसलेलं शहर आणि त्याचे महापौर

साल्टकाठची

अमेरिकेतल्या शहरांवर इथे पुष्कळ लिहून झालंय, पण फिनिक्सच्या वाट्याला "फार ऊन असतं बाई तिथे" यापलीकडे काही आलेलं नाही. लोकसंख्येनं हे देशातलं पाचव्या क्रमांकाचं शहर आहे. २०२० च्या जनगणनेत १६ लाखांच्या वर. शेजारच्या चँडलर, टेंपी, गिल्बर्ट भागांत चिपच्या कारखान्यांमुळे आणि सॉफ्टवेअरमुळे मराठी घरंही भरपूर झाली आहेत. मी बरीच वर्षं या खोऱ्यात राहते आणि शहराच्या कारभाराचा इतिहास वाचायचा मला नाद आहे. वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो तिथे एवढं मोठं शहर कुणी चालवलं, कसं चालवलं, यावर नीट बोलता यावं म्हणून हा धागा.

सुरुवात महापौरांपासून करता येत नाही, कालव्यांपासून करावी लागते. साल्ट नदीच्या काठी होहोकाम लोकांनी हजार वर्षांहून जास्त काळ शेती केली. लोखंड नाही, चाक नाही, ओढायला जनावर नाही. लाकडी आणि दगडी अवजारांनी त्यांनी शेकडो मैलांचे कालवे खणले आणि मका, घेवडा, भोपळा, कापूस पिकवला. १४५० च्या सुमारास या वस्त्या ओस पडल्या. दुष्काळ, महापूर, खारावलेली जमीन, आपसातले तंटे अशी कारणं अभ्यासक सांगतात. आजचे अकिमेल ओओधाम लोक त्यांना आपले पूर्वज मानतात.

१८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाचा गडी विकेनबर्गच्या खाणीकडून इकडे आला. मॅकडॉवेल छावणीतल्या घोड्यांना चारा लागत होता आणि इथे बुजलेल्या कालव्यांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. त्यानं कंपनी काढली, माणसं जमवली आणि कालवा खणायला घेतला. जुन्या संस्कृतीच्या जागेवर नवी उभी राहतेय म्हणून फिनिक्स हे नाव डॅरेल डप्पा या इंग्रज माणसानं सुचवलं, असं सांगतात. स्विलिंगचा शेवट मात्र वाईट झाला. टपालगाडी लुटल्याचा आळ त्याच्यावर आला आणि १८७८ मध्ये युमाच्या तुरुंगात तो वारला. बहुतेक इतिहासकार तो आळ खोटा मानतात.

२५ फेब्रुवारी १८८१ ला गावाला नगराचा दर्जा मिळाला. पहिला महापौर जॉन अ‍ॅल्सॅप. हा डॉक्टर, शिवाय वकील, शिवाय प्रांताच्या विधिमंडळात बसलेला. मॅरिकोपा काउंटी वेगळी करण्यातही त्याचा मोठा हात होता. १८८७ ला आगगाडी आली, १८८९ ला प्रेस्कॉटहून राजधानी इथे हलली. त्या काळातल्या महापौरांपैकी एमिल गांझ मला विशेष वाटतो. जर्मनीतून आलेला ज्यू, हॉटेल चालवणारा, पुढे बँकेत गेलेला. लोकांनी त्याला १८८० च्या दशकात निवडलं आणि शतक संपताना पुन्हा निवडलं. रोलंड रॉसन हा डॉक्टर महापौर लोकांच्या लक्षात आहे तो त्याच्या १८९५ च्या घरामुळे. ते घर आजही हेरिटेज स्क्वेअरमध्ये उभं आहे. १९७० च्या दशकात जॉन ड्रिग्ज या दुसऱ्या एका महापौरानं पुढाकार घेतला म्हणून ते वाचलं.

पण या सगळ्यांपेक्षा गावाचं नशीब बदललं ते रूझवेल्ट धरणानं. १८९१ ला नदीनं गाव बुडवलं आणि पुढच्याच दशकात कोरडं पडून शेतकऱ्यांना देशोधडीला लावलं. १९०२ चा केंद्राचा जलसिंचन कायदा झाल्यावर इथल्या जमीनमालकांनी संघ काढला आणि दोन लाख एकरांहून जास्त जमीन तारण ठेवून धरणासाठी सरकारी कर्ज घेतलं. १९११ मध्ये खुद्द थिओडोर रूझवेल्ट उद्घाटनाला आले. पुढच्या वर्षी अ‍ॅरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या शहरात पाणी आणण्याचं काम महापौरांनी केलेलं नाही. ते शेतकऱ्यांच्या संघानं, केंद्र सरकारनं आणि त्याआधी होहोकामांनी केलं. महापौरांना तोलायचं ते आलेलं पाणी, रस्ते आणि सोयी नदीच्या कुठल्या काठाला पोचवल्या यावर. दुसरा भाग प्रतिसादांत लिहिते.

---

पाटकरी

ताई, फार सुंदर विषय काढलात. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, प्रवरेच्या कालव्यांवर गेली. आमचं भंडारदरा १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरं झालं, म्हणजे तुमचं रूझवेल्ट साधारण त्याच पिढीतलं. दोन्ही दगडी. रूझवेल्टची मूळ उंची २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. भंडारदऱ्याच्या ८२ मीटरला अगदी लागून. पुढे काँक्रीट चढवून त्यांनी ते आणखी उंच केलं.

जमीन तारण ठेवून शेतकऱ्यांनी धरण बांधून घ्यावं हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे धरण सरकारचं आणि पाणी सरकारच्या मर्जीचं, म्हणून पाणीवापर संस्था काढताना आमची दमछाक होत असे. तिथे मुळात संस्थाच आधी होती.

एक विचारायचं होतं. शहर वाढल्यावर त्या कालव्यांचं काय झालं? बुजवले का? आपल्याकडे पुण्यातल्या कालव्याची काय गत आहे ते सगळे बघतातच.

---

साल्टकाठची

पाटकरी काका, बुजवले नाहीत. ग्रँड कॅनाल १८७८ चा, अ‍ॅरिझोना कॅनाल १८८० च्या दशकातला. दोन्ही आज शहराच्या मधून वाहतात. काठानं लोक सकाळी पळायला जातात. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे जुन्या वस्त्यांत अजूनही पाटाचं पाणी घरांना मिळतं! जमिनीला पूर्वीचा पाण्याचा हक्क होता, त्यावर घरं झाली तरी हक्क जमिनीबरोबर राहिला.

आर्केडिया भागात माझी एक मैत्रीण राहते, तिच्याकडे मी हे बघितलंय. पूर्वी तो सगळा संत्री-मोसंबीचा पट्टा होता. अंगणाला चारी बाजूंनी हातभर उंचीचा मातीचा बांध. तिची पाळी रात्री दीडला होती. बॅटरी घेऊन ती आणि तिचा नवरा बाहेर आले, कोपऱ्यातल्या सिमेंटच्या हौदातली झडप फिरवली आणि पाणी गवतावरून पसरत संत्र्याच्या बुंध्यांना जाऊन भिडलं. घोट्याएवढं साठलं. वेळ झाली की झडप बंद, मग पुढच्या घराची पाळी. कालव्यावरून पाणी सोडणाऱ्या माणसाला इथे झांहेरो म्हणतात, मेक्सिकन काळापासूनचं पद आहे. काम तुमच्या पाटकऱ्याचंच.

---

पाटकरी

वा! म्हणजे अमेरिकेतसुद्धा रात्रीची दारं धरायला लागतात. डोळ्यांसमोर उभं राहिलं. घोट्याएवढं पाणी म्हणजे चांगली भरपूर पाळी झाली. बाष्पीभवन टाळायला रात्रीच द्यायला हवं ते.

---

नगरभवन

माहितीपूर्ण धागा. मी स्थानिक स्वराज्य संस्थांचा कायदा शिकवतो, त्यामुळे महापौरांच्या अधिकारांवर थोडं लिहितो, नाहीतर वाचणाऱ्यांचा समज असा होईल की तिथला महापौर म्हणजे न्यूयॉर्कसारखा शहराचा धनी.

फिनिक्सनं १९१३ मध्ये नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराची नियमावली, मंजूर केली आणि कारभार व्यवस्थापकाच्या हाती दिला. आजही तीच पद्धत आहे. महापौर आणि आठ नगरसेवक मिळून नऊ जणांची परिषद. परिषद व्यवस्थापक नेमते आणि खाती तो चालवतो. महापौराला परिषदेत एकच मत. आपल्याला हे चटकन कळतं, कारण मुंबई-पुण्यातही कार्यकारी अधिकार महापौरांकडे नसून आयुक्तांकडे असतात. फरक दोन आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. पहिला, आपला आयुक्त राज्य सरकार पाठवतं, तिथला व्यवस्थापक परिषद नेमते आणि परिषदच काढते. दुसरा, तिथला महापौर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. आपल्याकडे नगरसेवक आपल्यातून अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. त्यामुळे अधिकार कमी असले तरी तिथल्या महापौराच्या शब्दाला वजन असतं. तो अख्ख्या शहराच्या मतांवर आलेला असतो.

सनदेची काळी बाजू मात्र सांगायला हवी. १९१३ च्या आधी प्रभागवार निवडणूक व्हायची, त्यामुळे दक्षिणेकडच्या मेक्सिकन वस्तीला थोडाफार आवाज होता. सनदेनं प्रभाग काढले आणि सगळे सदस्य शहरभरच्या मतांवर निवडायचे ठरवले. भ्रष्टाचार संपवण्यासाठी म्हणून केलं, पण भ्रष्टाचार राहिला आणि गरिबांचा प्रतिनिधी तेवढा गेला. पुढची तीस-पस्तीस वर्षं व्यवस्थापकही टिकत नव्हते, राजकारणी त्यांना एकामागून एक घालवत.

---

साल्टकाठची

नगरभवन सर, बरं झालं तुम्ही हे मांडलंत. दुसरा भाग इथूनच सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धात शहराभोवती लष्कराचे हवाई तळ झाले. १९४२ च्या अखेरीस लष्करानं गुप्तरोगांच्या आणि गैरधंद्यांच्या कारणावरून सैनिकांना फिनिक्समध्ये यायला बंदी केली. व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. त्यातूनच व्यापारी, वकील, बँकवाले एकत्र आले आणि १९४९ मध्ये त्यांनी सनदी कारभार समिती म्हणून आपलं पॅनेल उभं केलं. निकोलस युडल महापौर आणि परिषदेत बॅरी गोल्डवॉटर. हो, तेच गोल्डवॉटर, जे १९६४ ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले. त्यांचं घराणं कापडचोपडाच्या मोठ्या दुकानाचं. पॅनेल पूर्ण निवडून आलं. रे विल्सन व्यवस्थापक म्हणून आले आणि दशकभर राहिले. कारभार सुधारला, यात वाद नाही.

मग शहर ज्या वेगानं वाढलं त्याला तोड नाही. १९५० मध्ये १ लाख ७ हजार वस्ती आणि १७ चौरस मैल जागा. १९६० मध्ये ४ लाख ३९ हजार वस्ती आणि १८७ चौरस मैल! जॅक विल्यम्स महापौर असताना एकामागून एक वस्त्या शहरात घेतल्या गेल्या. मोटोरोलासारखे उद्योग आले, घरोघरी थंड हवेची यंत्रं आली, जॉन लाँग या बिल्डरनं मेरीव्हेलसारखी हजारो घरांची वसाहत उभी केली.

पण ही पंचवीस वर्षं एकाच पॅनेलची होती आणि त्यातले बहुतेक लोक उत्तरेकडच्या सुखवस्तू भागातले. अ‍ॅडम डियाझ १९५३ मध्ये परिषदेवरचे पहिले मेक्सिकन वंशाचे सदस्य. मॉरिसन वॉरन हे पहिले कृष्णवर्णीय, ते यायला १९६५ उजाडलं. व्हॅन ब्युरेन रस्त्याच्या दक्षिणेला कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन लोक राहत, कारण उत्तरेला त्यांना घर कुणी विकत नसे आणि बँका कर्ज देत नसत. लिंकन रॅग्सडेल, महायुद्धात टस्कीगीला वैमानिकाचं शिक्षण घेतलेला माणूस. त्यानं १९५३ मध्ये त्या रस्त्याच्या उत्तरेला घर घेतलं आणि बराच छळ सोसला. १९६३ मध्ये त्यानं या पॅनेलविरुद्ध निवडणूक लढवली आणि हरला. पण त्या निवडणुकीनंतर पॅनेलला दक्षिणेकडे बघावं लागलं. वॉरन यांची उमेदवारी हा त्याचाच परिणाम, असं माझं मत आहे.

पॅनेलची मक्तेदारी मोडली मार्गारेट हान्स यांनी. १९७५ मध्ये त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. लागोपाठ चार वेळा निवडून आल्या. कर कमी, खर्च कमी, ही त्यांची भूमिका, आणि मध्यमवर्गाला त्या फार प्रिय होत्या. दक्षिणेला त्यांच्या काळात फारसं काही मिळालं नाही, हेही खरं.

१९८२ च्या अखेरीस टेरी गोडार्ड या तरुण वकिलानं प्रभागवार निवडणुकीसाठी सार्वमत लढवलं आणि अगदी थोड्या मतांनी जिंकलं. परिषदेत आठ प्रभाग झाले. पुढच्याच वर्षी तो महापौर म्हणून निवडून आला. माझ्या दृष्टीनं फिनिक्सच्या दीडशे वर्षांत शहराच्या राजकारणातली सगळ्यात मोठी घटना हीच. धरण नाही, विमानतळ नाही, प्रभाग. १९१३ ला काढून घेतलेलं सत्तर वर्षांनी परत मिळालं.

---

उन्हाचा_कवडसा

ताई, मीही फिनिक्समध्येच असतो. गोडार्डबद्दल इतकं भरभरून लिहिलंत ते पटलं, पण हान्सबाईंना थोडं कमी तोललंत असं वाटतं. आंतरराज्य महामार्ग क्र. १० शहराच्या मधून न्यायचा मूळ बेत जमिनीपासून शंभर फूट उंच पुलावरून होता. लोकांनी १९७३ ला तो फेटाळला. १९७५ ला पुन्हा मतदान होऊन महामार्गाला होकार मिळाला आणि शेवटी रस्ता शहराच्या मध्यभागी खाली, बोगद्यासारखा गेला. त्याच्या छतावर बाग केली. महामार्गाचा हा भाग १९९० ला सुरू झाला, त्याच वर्षी हान्स वारल्या. बागेला त्यांचंच नाव आहे. शनिवारी मुलांना घेऊन मी तिथे जातो, पायाखालून महामार्ग धावतोय याचा पत्ताही लागत नाही.

---

साल्टकाठची

मान्य, ती बाग शहराला मिळालेली मोठी देणगी आहे. पण त्याच महामार्गासाठी आणि विमानतळाच्या विस्तारासाठी कुणाची घरं गेली तेही बघा. स्काय हार्बरच्या पश्चिमेला गोल्डन गेट नावाची मेक्सिकन लोकांची जुनी वस्ती होती. १९७० आणि ८० च्या दशकांत शहरानं ती विकत घेऊन उठवली. हजारो माणसं गेली. उरलं ते एकटं सेक्रेड हार्ट चर्च. लोकांनी स्वतः राबून बांधलेलं, म्हणून ते पाडू दिलं नाही. भोवती मोकळं रान, कुंपण, डोक्यावरून विमानं. वर्षातून एकदा नाताळात तिथे प्रार्थना होते आणि विखुरलेली कुटुंबं परत येतात. हे हान्स आणि गोडार्ड दोघांच्याही कारकिर्दीत झालं, म्हणून मी गोडार्डलाही यातून सोडत नाही.

---

काळाचौकी

सगळं वाचलं. मला एक मूलभूत शंका आहे आणि ती मनापासून विचारतोय. अशा ठिकाणी १६ लाखांचं शहर असावंच का? कोलोरॅडो नदी आटत चालल्याच्या बातम्या आपण वाचतो. मराठवाड्यात टँकरवर जगणारी गावं बघितलेल्या माणसाला वाळवंटातली हिरवळ बघवत नाही.

---

पाटकरी

काळाचौकी, प्रश्न रास्त आहे. पण पाण्याचा हिशेब मांडताना आधी काय होतं ते बघायचं. घरं झाली ती बहुतांशी कापसाच्या आणि लसूणघासाच्या शेतांवर. एक एकर कापूस किंवा घास त्या उन्हात जेवढं पाणी पितो, त्यापेक्षा तेवढ्याच जागेवरची घरं सहसा कमीच पितात. आपल्याकडे उसाच्या बाबतीत आम्ही हेच सांगून थकलो.

---

साल्टकाठची

काकांनी नेमकं सांगितलं. आकडे थोडे देते. फिनिक्सचं साधारण ६० टक्के पाणी साल्ट आणि व्हर्डे या नद्यांचं आणि उरलेलं मुख्यतः कोलोरॅडोचं. कोलोरॅडोचं पाणी हवासू तलावातून ३३६ मैलांच्या कालव्यानं उपसून आणतात. १९६८ ला मंजुरी, १९७३ ला काम सुरू, १९८५ ला पाणी फिनिक्सला पोचलं. त्या प्रकल्पाच्या बदल्यात केंद्रानं भूजल उपशाला लगाम घालायला लावलं, म्हणून १९८० चा भूजल कायदा झाला. नवी वसाहत बांधायची तर शंभर वर्षांचं पाणी दाखवावं लागतं. २०२३ मध्ये राज्यानं स्पष्ट सांगितलं की या खोऱ्यात फक्त भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना मंजुरी मिळणार नाही. सांडपाणीही वाया जात नाही. पश्चिमेचा पालो व्हर्डे अणुवीज प्रकल्प कुठल्याही नदी-समुद्राच्या काठी नाही, तो या शहरांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर थंड ठेवतात.

पण तुमच्या शंकेतला दुखरा भाग मी नाकारत नाही. शहराच्या दक्षिणेला गिला नदीवर अकिमेल ओओधाम लोकांची भरभराटीची शेती होती. याच लोकांनी सुरुवातीच्या गोऱ्या वसाहतवाल्यांना धान्य विकलं. मग वरच्या बाजूला पाणी वळवलं गेलं, नदी कोरडी पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांच्यात उपासमार झाली. शंभर वर्षांहून जास्त भांडल्यावर २००४ च्या कायद्यानं त्यांचा पाण्याचा हक्क मान्य झाला. आज कोलोरॅडो कालव्यावरचा मोठा हिस्सा त्यांचा आहे आणि पाण्याच्या कुठल्याही वाटाघाटीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

---

उन्हाचा_कवडसा

पाण्यापेक्षा मला आता उन्हाची भीती जास्त वाटते. २६ जून १९९० ला ५० अंश सेल्सियसला पोचलं तो विक्रम अजून आहे, पण तो एक दिवस होता. २०२३ मध्ये लागोपाठ ३१ दिवस ४३ अंशांच्या वर गेलं. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. मेलेल्यांत बेघर माणसं फार होती. रात्रीसुद्धा हवा थंड होत नव्हती. सग्वारो निवडुंगसुद्धा माना टाकून पडले. डांबरावर पडून भाजलेल्या माणसांनी रुग्णालयं भरली होती.

सध्याच्या महापौर केट गॅयेगो यांना यात मी श्रेय देतो. २०१९ ला निवडून आल्या, त्याआधी पाणी-वीज पुरवणाऱ्या संस्थेत काम केलेलं. २०२१ मध्ये शहरानं उष्णतेसाठी स्वतंत्र कार्यालय काढलं, अमेरिकेत शहराच्या पैशातून चालणारं असं पहिलंच. रस्त्यांना फिकट लेप, रात्री उघडी राहणारी थंडाव्याची केंद्रं, झाडं. झाडांची गरज सगळ्यात जास्त दक्षिणेला आहे. उत्तरेला पाटाच्या पाण्यावर वाढलेली जुनी सावली आहे, दक्षिणेला उघडं डांबर.

---

नगरभवन

मधल्या महापौरांबद्दलही कुणीतरी लिहा. १९९३ मध्ये उत्तम कारभारासाठीचं जर्मनीतलं बर्टल्समान पारितोषिक फिनिक्स आणि न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च यांना विभागून मिळालं होतं. आम्ही ते वर्गात उदाहरण म्हणून शिकवायचो. तेव्हा कोण होतं?

---

साल्टकाठची

तेव्हा पॉल जॉन्सन. त्यांच्यानंतर १९९४ मध्ये थोड्या काळासाठी थेल्डा विल्यम्स, मग दहा वर्षं स्किप रिम्झा, मग फिल गॉर्डन, ग्रेग स्टँटन. रिम्झांच्या काळात लोकांनी २००० साली सार्वजनिक वाहतुकीसाठी विक्रीकर वाढवायला मत दिलं, गॉर्डन महापौर असताना २००८ च्या डिसेंबरात शहरी रेल्वे धावली. स्टँटन यांनी २०१५ मध्ये वाहतुकीसाठी आणखी मोठा निधी लोकांकडून मंजूर करून घेतला. ते अमेरिकेच्या संसदेच्या निवडणुकीसाठी पद सोडून गेले तेव्हा पुन्हा थेल्डा विल्यम्सच मधल्या काळात महापौर होत्या.

रेल्वेची दक्षिण शाखा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. नदी ओलांडून दक्षिण फिनिक्सला जाणारा मार्ग ठरला, तेव्हा विरोध झाला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये रेल्वेची वाढ कायमची थांबवावी का यावर सार्वमत घेतलं गेलं. लोकांनी मोठ्या फरकानं नकार दिला. काम लांबलं, बांधकामात त्या रस्त्यावरच्या लहान दुकानदारांचे हाल झाले, आणि त्यांचा राग मी समजू शकते. पण २०२५ च्या जूनमध्ये गाडी सुरू झाली. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून ती दक्षिणेला जाते. फिनिक्स शहरात कोरड्या नदीपात्राच्या पलीकडे अशी रेल्वे पहिल्यांदाच पोचली.

पाटकरी काका, कधी आलात तर विमानतळाला लागूनच सेदाव वाअकी संग्रहालय आहे. होहोकामांच्या कालव्यांचे खंदक तिथे जमिनीत दिसतात. उतार किती अचूक धरलाय ते तुम्हीच आम्हाला समजावून सांगा.